सिलिंडर नंबर १ नेमका कुठला? (नंबरिंग, फायरिंग ऑर्डर वगैरे)

पंक्चर_पंडित

मंडळी, गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड आला पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, तो नीट पेटत नाहीये. इथवर ठीक. बॉनेट उघडल्यावर खरा घोळ सुरू झाला. चार सिलिंडर, इंजिन आडवं बसवलेलं, ठिणगी देणाऱ्या चारही कॉइल दिसायला सारख्या. तीन नंबर मोजायचा कुठून? एक मित्र म्हणतो बेल्टकडून. दुसरा छातीठोकपणे सांगतो गिअरबॉक्सकडून. तिसऱ्याने तर कहर केला: फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे, त्यात तिसऱ्या जागी ४ येतो, तेव्हा कोड चौथ्या सिलिंडरचा आहे म्हणे.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही गाडी घेतलीच कशाला" या विषयावर जाईल. कुठल्याही गाडीला लागू पडेल असं उत्तर हवंय. आणि जाता जाता, सरळ १-२-३-४ असं का पेटवत नाहीत?

ढकलस्टार्ट

बेल्टकडून. पुढचा प्रश्न.

तेलकट बाही

पंडितजी, तिसऱ्या मित्राला आधी बाजूला बसवा. कोडमधले शेवटचे दोन आकडे सिलिंडरच्या जागेचे असतात, पाळीचे नसतात. ०३०१ म्हणजे एक नंबर, ०३०४ म्हणजे चार नंबर, आणि ०३०० आला तर मिसफायर एका ठिकाणी बांधता येत नाहीये. फायरिंग ऑर्डरचा इथे काही संबंध नाही.

मोजायचं कुठून, तर बहुतेक कंपन्या फ्लायव्हीलच्या (गिअरबॉक्सकडचं जड चाक) विरुद्ध टोकाकडून मोजतात, म्हणजे पुली आणि बेल्ट (किंवा चेन) जिकडे असते तिकडून. डीआयएन ७३०२१ हे जर्मन मानकही हेच सांगतं. मॅन्युअलमध्ये 'इंजिनची पुढची बाजू' लिहिलेलं असतं ती ही बाजू. गाडीची पुढची बाजू वेगळी. आडव्या इंजिनात पुढची बाजू एका चाकाकडे तोंड करून बसलेली असते. जुन्या साब ९०० मध्ये तर इंजिन उलटं ठेवलेलं होतं, क्लच रेडिएटरकडे आणि चेन फायरवॉलकडे. त्यात एक नंबर सगळ्यात मागे, ड्रायव्हरच्या पायांजवळ.

ढकलस्टार्ट यांच्या एका शब्दाच्या उत्तराला मोठा अपवाद फ्रेंच गाड्यांचा. रेनो, प्यूजो, सिट्रोएन फ्लायव्हीलकडून मोजतात. त्यामुळे त्यांचा एक नंबर गिअरबॉक्सला चिकटून. तुमचे पहिले दोन्ही मित्र आपापल्या गाडीपुरते बरोबर असू शकतात.

फ्लायव्हील

हे पटत नाही. फ्रेंच लोक दुसऱ्या टोकाकडून मोजत असते तर त्यांची फायरिंग ऑर्डरही उलटीपालटी दिसली असती. रेनोची चार सिलिंडरची ऑर्डर १-३-४-२ च आहे, माझ्यासमोर मॅन्युअल उघडं आहे. मग मोजणी वेगळी कशी?

मास्तर_७२०

फ्लायव्हील, शंका रास्त आहे. कागद घेऊन बसा.

१-३-४-२ लिहा. आता इंजिन दुसऱ्या टोकाकडून मोजा: १ चा होतो ४, २ चा ३, ३ चा २, ४ चा १. तीच ऑर्डर नव्या नंबरांत लिहिली की मिळतं ४-२-१-३. फायरिंग ऑर्डर गोल फिरत असते, तिला सुरुवात-शेवट नसतो, आपण सोयीसाठी १ पासून वाचतो. तेव्हा १ पासून वाचा: १-३-४-२.

कुठूनही मोजा, आकडे तेच येतात. म्हणजे चार सिलिंडरच्या फायरिंग ऑर्डरवरून एक नंबर कुठल्या टोकाला आहे हे कधीच कळणार नाही. सरळ सहा सिलिंडरची १-५-३-६-२-४ घ्या, तिथेही हेच होतं. उलटून बघा: ६-२-४-१-५-३, १ पासून वाचलं की पुन्हा १-५-३-६-२-४.

तीन सिलिंडरला मात्र ही सवलत नाही. १-३-२ दुसऱ्या टोकाकडून मोजली तर १-२-३ होते. पाचची १-२-४-५-३ उलटली की १-३-५-४-२. विषम संख्येच्या इंजिनात टोक चुकलं की ऑर्डर चुकते, सम संख्येत चूक लपून राहते. बऱ्याच जणांना फ्रेंच मोजणीचा पत्ताच लागत नाही तो यामुळे.

फ्लायव्हील

करून बघितलं. खरंच तेच येतं. मॅन्युअलमध्ये पुढच्या पानावर चित्र आहे, त्यात १ फ्लायव्हीलकडेच दाखवलाय. मागे घेतो.

रॉकरताई

पंक्चर_पंडित, तुमच्यापुरता एक उपाय, ज्यात मोजायचीच गरज नाही. मधल्या दोन कॉइलची अदलाबदल करा. कुठल्याही टोकाकडून मोजलं तरी मधले दोन म्हणजे २ आणि ३ च. कोड पुसा, गाडी चालवा. ०३०३ जाऊन ०३०२ आला तर कॉइल खराब. ०३०३ तिथेच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन या क्रमाने जा.

टोक कुठलं हेही शोधायचं असेल तर इंजिन बंद असताना एका कडेच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, जरा वेळ सुरू करून कोड वाचा. ०२०१ आला तर तो एक नंबर, ०२०४ आला तर चार. कॉइलचा कनेक्टर काढून हा प्रयोग करू नका. पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेने कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खलास होतो. इंजेक्टर काढला की त्या सिलिंडरला पेट्रोलच जात नाही.

पंक्चर_पंडित

ताई, हे झकास. मधल्या दोघांची अदलाबदल ही कल्पना आमच्या तिन्ही विद्वानांपैकी कुणालाच सुचली नव्हती. दुसरा प्रश्न अजून बाकी आहे: १-२-३-४ का नाही?

ढकलस्टार्ट

शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटले तर ब्लॉक एका जागी तापतो म्हणून. लांब लांब पेटवतात.

मास्तर_७२०

हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं आणि चार सिलिंडरला ते लागूच पडत नाही. १-३-४-२ मध्ये ३ नंतर ४ पेटतो. शेजारी. २ नंतर पुन्हा १ पेटतो. तेही शेजारी. चारपैकी दोन वेळा शेजारीच पेटतायत की.

खरं कारण क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आकारात आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ७२० अंशांत. (माझ्या आयडीचं कोडं सुटलं असेल.) चार सिलिंडर समान अंतराने पेटवायचे तर दर १८० अंशांना एक. सहाला १२०, आठला ९०, तीनला २४०, पाचला १४४.

आता नेहमीचा चार सिलिंडरचा क्रँक डोळ्यांसमोर आणा. कडेचे दोन, १ आणि ४, एकत्र वर जातात. मधले दोन, २ आणि ३, तेव्हा खाली असतात. १ पेटला. १८० अंशांनी २ आणि ३ दोघेही वर येतात, त्यातला एक पेटणार. ३६० ला पुन्हा १ आणि ४ वर. १ नुकताच पेटून गेलाय, म्हणून ४. उरलेला ५४० ला. तेव्हा शक्यता दोनच: १-३-४-२ किंवा १-२-४-३. १ नंतर ४ दोन पावलांवर येणारच, त्यात कुणाची निवड नाही. निवड एवढीच की मधल्या दोघांपैकी आधी कोण, आणि ती कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) करतो. क्रँक तोच ठेवून कॅम बदला, ऑर्डर बदलते. फोर्डच्या जुन्या क्रॉसफ्लो इंजिनाची १-२-४-३ होती. बाकी बहुतेक दुनिया १-३-४-२ वर चालते.

फ्लायव्हील

म्हणजे १-२-३-४ अशक्य आहे?

मास्तर_७२०

अशक्य नाही, पण क्रँक वेगळा लागेल: १ आणि ३ एकत्र वर, २ आणि ४ एकत्र खाली. वर-खाली-वर-खाली. पेटण्याचं अंतर समानच राहतं. बिघडतं ते दुसरंच. नेहमीच्या क्रँकचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो, त्यामुळे इंजिन पुढून वर आणि मागून खाली असं डुलत नाही. वर-खाली-वर-खाली क्रँकमध्ये ते प्रतिबिंब मोडतं आणि इंजिन डुलतं. ऑर्डर सरळ दिसावी म्हणून डुलतं इंजिन कोण बनवेल?

ती कडेच्या टोकाकडून मोजण्याची गंमतही या प्रतिबिंबामुळेच आहे, बरं का.

ढकलस्टार्ट

ठीक, चारचं मान्य. पण सरळ सहामध्ये १-५-३-६-२-४ बघा, एकही शेजारी लागोपाठ नाही. मग माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही ना?

मास्तर_७२०

नाही, तिथे तुमच्या म्हणण्यात दम आहे. सहाच्या क्रँकवर जोड्या असतात १-६, २-५, ३-४. जोडीतले दोघे एकाच वेळी वर येतात, ३६० अंशांच्या अंतराने पेटतात. १ पासून सुरू केलं की दुसऱ्या पावलाला २ किंवा ५, तिसऱ्याला ३ किंवा ४, आणि पुढचं अर्धं त्यांचे जोडीदार आपोआप भरतात. म्हणजे एका क्रँकवर चार ऑर्डर शक्य:

१-२-३-६-५-४
१-२-४-६-५-३
१-५-४-६-२-३
१-५-३-६-२-४

पहिल्या तिन्हींत कुठे ना कुठे शेजारी लागोपाठ येतात. चौथीत एकदाही नाही. लागोपाठचे झटके क्रँकच्या बेअरिंगांवर वाटले जातात, इनटेकमध्ये शेजारी शेजाऱ्याची हवा ओढत नाही. म्हणून सगळ्यांनी चौथी उचलली. उलट्या दिशेने फिरणाऱ्या सहा सिलिंडरची ऑर्डर याच्या बरोबर उलट वाचायची: १-४-२-६-३-५.

चार सिलिंडरला दिशा उलटली तरी आकडे बदलायची गरज नसते. होंडाची जुनी इंजिनं बाकीच्यांच्या उलट फिरायची, ऑर्डर तरी १-३-४-२ च.

सहावा गिअर

धागा चांगला रंगलाय, मग व्ही ८ (दोन तिरक्या ओळींत चार-चार सिलिंडर) काढतोच. आकडे ठेवतो, मत सांगा:

शेव्हर्ले स्मॉल ब्लॉक (१९५५ पासूनचं): १-८-४-३-६-५-७-२
फोर्ड ३०२: १-५-४-२-६-३-७-८
फोर्ड ३५१ विंडसर: १-३-७-२-६-५-४-८
शेव्हर्ले एलएस (१९९७ पासूनचं): १-८-७-२-६-५-४-३

दोन कंपन्या, चार ऑर्डर, आणि प्रत्येकाचे भक्त सांगतात की आमची ऑर्डर वेगळी म्हणून आमचा आवाज वेगळा.

तेलकट बाही

भक्तांना दुखवायचं नाही, पण या चार ऑर्डर नाहीतच. दोनच आहेत.

व्ही इंजिनात टोकाबरोबर बँकही (सिलिंडरची डावी किंवा उजवी ओळ) ठरवावी लागते, आणि इथे प्रत्येकाने आपलं वेगळं चालवलंय. ड्रायव्हरसारखं पुढे तोंड करून डावं-उजवं धरा. शेव्हर्ले डावीकडे पुढून मागे १-३-५-७ आणि उजवीकडे २-४-६-८ लिहितं. फोर्ड उजवीकडे १-२-३-४ आणि डावीकडे ५-६-७-८. ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजच्या व्ही ८ चीही मोजणी फोर्डसारखीच.

आता फोर्डच्या नंबरांचं शेव्हर्लेच्या नंबरांत रूपांतर करा. फोर्डचा १ म्हणजे उजवीकडचा सगळ्यात पुढचा, म्हणजे शेव्हर्लेचा २. तसंच २ चा ४, ३ चा ६, ४ चा ८. डावीकडे ५ चा १, ६ चा ३, ७ चा ५, ८ चा ७.

३०२ ची १-५-४-२-६-३-७-८ अशी बदलली की होते २-१-८-४-३-६-५-७. १ पासून वाचा: १-८-४-३-६-५-७-२. स्मॉल ब्लॉक शेव्हर्ले, अक्षर न अक्षर.

३५१ ची १-३-७-२-६-५-४-८ बदला: २-६-५-४-३-१-८-७. १ पासून: १-८-७-२-६-५-४-३. एलएस.

धातूच्या पातळीवर ३०२ आणि जुनं शेव्हर्ले एकाच क्रमाने पेटतात, ३५१ आणि एलएस एकाच क्रमाने. नंबर ही फक्त दारावरची पाटी. पाट्या कुठल्या दारावर लावल्यात हे माहीत नसेल तर फायरिंग ऑर्डर नुसती पाठ करून काही उपयोग नाही.

सहावा गिअर

बापरे. वाचनखूण साठवली. भक्तमंडळात हे सांगायची माझी हिंमत नाही.

मग या दोन ऑर्डरींत तरी फरक काय?

तेलकट बाही

दोनच जोड्यांची अदलाबदल. जुन्यात ४ च्या जागी ७ आणि ७ च्या जागी ४, तसंच ३ च्या जागी २ आणि २ च्या जागी ३ टाका, एलएस तयार. ४-७ आणि ३-२ हे क्रँकवरचे जोडीदार आहेत, ३६० अंशांनी एकमेकांच्या जागी येणारे. त्यामुळे क्रँकला हात न लावता नुसता कॅम बदलून हे जमतं. जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये लोक असा कॅम घालतातही, मग लीड (प्लगला ठिणगी नेणाऱ्या वायरी) त्याप्रमाणे फिरवाव्या लागतात.

कशासाठी? जुन्या ऑर्डरमध्ये ५ आणि ७ लागोपाठ पेटतात आणि ते डाव्या बँकेत शेजारी, तेही मागच्या कोपऱ्यात. नव्या ऑर्डरमध्ये असे शेजारी लागोपाठ येतात ते ३ आणि १, म्हणजे पुढे, पंपातून थंड पाणी आधी पोहोचतं तिथे. ढकलस्टार्ट, तुमचा तापण्याचा मुद्दा इथे खराखुरा कामाला येतो.

ढकलस्टार्ट

शेवटी न्याय मिळाला.

रॉकरताई

आवाजाचं राहिलं. व्ही ८ चा तो गुरगुराट ऑर्डरमुळे येतो हे खरं, पण कुठल्या आकड्यांमुळे ते बघा. अख्खं इंजिन दर ९० अंशांना नेमाने पेटतं. एका बँकेचाच हिशोब केला तर नेम मोडतो. जुन्या शेव्हर्लेची डावी बँक: १ शून्यावर, ३ २७० वर, ५ ४५० वर, ७ ५४० वर. मधली अंतरं २७०, १८०, ९०, १८०. प्रत्येक बँकेचा धूर वेगळ्या पाइपातून गेला की कानाला हे लंगडं अंतर ऐकू येतं.

हा क्रॉस-प्लेन क्रँकचा परिणाम, ज्यात चार पिना (क्रँकवर पिस्टन जिथे जोडलेले असतात त्या जागा) पुढून बघितल्या की अधिक चिन्हासारख्या दिसतात. कॅडिलॅकने तो १९२३ मध्ये बाजारात आणला, इंजिन गुळगुळीत चालावं म्हणून. फेरारीच्या व्ही ८ मध्ये फ्लॅट-प्लेन क्रँक असतो, चार सिलिंडरच्या इंजिनासारखा सपाट. त्यात डावी-उजवी-डावी-उजवी अशी पाळी लागते, प्रत्येक बँक दर १८० अंशांना पेटते, आवाज किंचाळल्यासारखा येतो. क्रँक हलका, इंजिन चटकन फिरतं, पण चार सिलिंडरची थरथरही सोबत येते.

व्ही ६ ची एक जुनी गोष्टही याच जातीची. बुइकने ९० अंशांच्या व्ही मध्ये सहा सिलिंडर बसवले, समोरासमोरच्या दोघांना एकच पिन दिली, आणि पेटण्याची अंतरं झाली ९०, १५०, ९०, १५०. गाडी उभी असताना हाताला कळेल इतकी लंगडी. १९७७ मध्ये पिना अर्ध्यातून सरकवून ती सारखी केली.

पंक्चर_पंडित

तीन सिलिंडरच्या गाड्या हल्ली इतक्या का वाढल्यात? चार मध्ये इतका प्रतिबिंबाचा फायदा असताना?

मास्तर_७२०

घर्षण आणि उष्णता. एक लिटरचं इंजिन चार भागांत वाटलं तर एकेक सिलिंडर अडीचशे सीसीचा. आत मावणाऱ्या मिश्रणाच्या मानाने भिंती जास्त, भिंतींतून उष्णता जास्त निसटते. तीनमध्ये वाटलं की सुमारे ३३३ सीसी. पिस्टन कमी, रिंगा कमी, वॉल्व्ह कमी. इंजिन आखूडही होतं, आडवं बसवायला बरं. टर्बोने ताकदीची भरपाई होते.

दर २४० अंशांना एक स्फोट, तिन्ही पिना १२० अंशांवर, वर-खालीचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. टोकाकडून टोकाकडे डुलणं मात्र उरतं. त्यासाठी बॅलन्स शाफ्ट घालतात किंवा पुली आणि फ्लायव्हीलवर मुद्दाम वजन कमी-जास्त ठेवतात. चारमध्ये डुलणं नाही, पण पिस्टन वरच्या अर्ध्यात खालच्यापेक्षा वेगाने फिरत असल्यामुळे क्रँकच्या दुप्पट गतीची थरथर उरते. सरळ सहामध्ये दोन्ही नाहीत. म्हणून त्याच्या चाहत्यांची नाकं वर असतात, आणि या बाबतीत ती रास्त आहेत.

फ्लायव्हील

पाच सिलिंडरला कुणी विचारतच नाही. मर्सिडीजचं डिझेल १९७४ चं, ऑडीचं पेट्रोल १९७६ चं. चारपेक्षा दमदार, सहापेक्षा आखूड. १-२-४-५-३. एवढं बोलून बसतो.

सहावा गिअर

आडव्या बॉक्सर इंजिनांचं (दोन ओळी समोरासमोर आडव्या) काय? सुबारूची १-३-२-४ आणि जुन्या बीटलची १-४-३-२. हीही पाट्यांचीच गंमत का?

तेलकट बाही

अर्धी. सुबारूत उजवीकडे १-३, डावीकडे २-४. बीटलमध्ये उजवीकडे १-२, डावीकडे ३-४. आता बँकेनुसार वाचा. सुबारू: उजवा, उजवा, डावा, डावा. बीटल २ पासून वाचला: उजवा, उजवा, डावा, डावा. लय तीच. सुबारूचा तो भुरभुर आवाज या लयीला असमान लांबीचे एक्झॉस्ट पाइप जोडल्यामुळे येतो. पाइप सारखे केले की आवाज बराच सपाट होतो.

पोर्शे ९११ च्या सहाची १-६-२-४-३-५. डावीकडे १-२-३, उजवीकडे ४-५-६, म्हणजे डावा-उजवा-डावा-उजवा काटेकोर. आणि फोक्सवॅगनचं व्हीआर ६ दिसायला व्ही, पण सिलिंडर एकाच ओळीत मोजतात आणि ऑर्डर सरळ सहाचीच, १-५-३-६-२-४.

रॉकरताई

जोडीदारांचा विषय निघालाच आहे तर टॅपेट (म्हणजे वॉल्व्हची फट) सेट करणाऱ्यांसाठी. चार सिलिंडरमध्ये बेरीज ५ लक्षात ठेवा. ४ चे वॉल्व्ह 'रॉक' करत असतील, म्हणजे एक्झॉस्ट बंद होतोय आणि इनटेक उघडतोय, तेव्हा १ कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो, दोन्ही वॉल्व्ह पूर्ण मिटलेले. १ चे टॅपेट सेट करा. ३ रॉक करतोय तर २ चे. सरळ सहामध्ये बेरीज ७. कुठल्या टोकाकडून मोजता याने काही बिघडत नाही. तीन सिलिंडरला हा नियम नाही, तिथे कुणाला जोडीदारच नसतो.

एका कॉइलवर दोन प्लग असतात त्या पद्धतीतही हेच जोडीदार. १ आणि ४ ला ठिणगी एकदमच पडते, एकाची कामाची, दुसऱ्याची एक्झॉस्टमध्ये वाया. त्यामुळे अशा इंजिनात १ आणि ४ च्या लीड चुकून अदलाबदल झाल्या तरी गाडी तशीच चालते. १ आणि २ च्या झाल्या तर मात्र खोकायला लागते.

ढकलस्टार्ट

माझ्याकडे डिस्ट्रिब्युटरवालं (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणारा भाग) जुनं व्ही ८ आहे. कुणीतरी सगळ्या लीड एकदम काढून ठेवल्यात. स्टार्टर मारला की कार्ब्युरेटरमधून फटाके. सुरुवात कुठून करू?

तेलकट बाही

आधी त्या इंजिनाच्या मोजणीचं चित्र मिळवा, बँकेसकट. ते नसताना लीडला हात लावू नका.

मग १ चा प्लग काढा, भोकावर अंगठा धरा आणि क्रँक हाताने फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन सुरू. पुलीवरची खूण टायमिंगच्या खुणेशी येईपर्यंत सावकाश पुढे न्या. नुसती खूण बघून थांबलात तर अर्ध्या वेळा एक्झॉस्टच्या टोकाला असाल, कारण खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते. फटाक्यांचं एक नेहमीचं कारण हेच.

आता डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून रोटर (आतला फिरता हात) कुठे बघतोय ते पाहा. कॅपवर तिथे १ ची लीड. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते बघा, आणि त्या दिशेने एकेक जागा सोडत ऑर्डर लावत जा. १ नंतर २ नाही, ऑर्डरमध्ये जो असेल तो. कॅपवर सुरुवातीची जागा कुठलीही चालते, क्रम आणि दिशा चालत नाही.

लीड दुसऱ्या टोकाला प्लगवर लावताना लागोपाठ पेटणारे शेजारी ओळखा. जुन्या शेव्हर्लेत ५ आणि ७, फोर्ड ३०२ मध्ये तेच दोन ७ आणि ८ नावाने. या दोन लीड एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नका. एकीतला करंट दुसरीत उमटतो आणि दोघांतला नंतर पेटणारा वेळेआधी पेटतो. मध्ये दुसरी लीड घाला किंवा दोघींना एका ठिकाणी फुलीसारखं ओलांडू द्या.